एका हाकेला दोघी

माझं नाव लीला. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण एक अख्खं वर्ष हे नाव माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि ते वर्ष मी ज्या भीतीत काढलं ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मी कुरुंदवाडची. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, आम्ही बहिणी त्यांना दादा म्हणायचो. त्र्याहत्तर साली मला सव्विसावं लागलेलं, पुढचे दोन दात जरा बाहेर, आणि पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या. त्यामुळे कोल्हापूरचं बिजवराचं स्थळ आलं तेव्हा घरात कुणी नाक मुरडलं नाही. मीही नाही. अंबादास जिल्हा परिषदेत कारकून होते, बत्तीस वर्षांचे, बोलायला मऊ. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

अक्षय्यतृतीयेला लग्न झालं. मंगळवार पेठेतल्या घराचा उंबरा ओलांडला, माप सांडलं आणि तांदळाचं ताट पुढे आलं. नवऱ्यानं अंगठीच्या टोकानं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. अंबादासनी मला आधी विचारून ठेवलं होतं आणि मी लाजत 'पद्मजा' म्हटलं होतं. ते ताटावर वाकले, 'प'ची उभी रेघ ओढली, आणि हात थांबवून त्यांनी वडलांकडे पाहिलं. सासरे गणपतराव नुसते खाकरले. अंबादासनी तळव्यानं तांदूळ सारखे केले आणि पुन्हा लिहिलं: सावित्री.

"आगं बाई, परत त्येच?" जमलेल्या बायकांतली एक म्हणाली. शेजारणीनं तिला कोपर मारलं.

मग सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला. त्यांना सगळे माई म्हणत. दोऱ्यात चांदीचा टाक होता, बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. "ही तुजी सवत," माई म्हणाल्या. "गळ्यातनं काडू नगंस. आंगूळ करताना बी न्हाय. तिला दिसाय पायजे की तिची जागा कुनी हिसकून घेतली न्हाय, तिलाच गळ्यात घिऊन ही बसलीया." त्यांच्याही गळ्यात तसाच एक टाक होता. अंबादासांची सख्खी आई त्यांच्या जन्माच्या वेळी गेली आणि माई त्यानंतर आलेल्या, म्हणजे त्याही बिजवरालाच दिलेल्या. माईंचं माहेर हुपरी, बापाचं घरीच पैंजण घडवायचं काम. दोन्ही टाक तिकडचेच. माईंचा टाक एकतीस वर्षं अंगाला घासून गुळगुळीत झाला होता. त्यातल्या बाईला तोंडच उरलं नव्हतं.

चार दिवसांनी मी अंबादासना विचारलं, "पहिलीचं नाव काय होतं?"

"सावित्री."

"ते इथलं. तिचं माहेरचं?"

त्यांनी बराच विचार केला. "नाही लक्षात," म्हणाले.

तीन वर्षं जिच्याशी संसार केला तिचं नाव या माणसाला ठाऊक नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण मला आधी भीती वाटली, आणि ती तिथून जी सुरू झाली ती काही केल्या थांबेना.

घर तसं साधं होतं. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि एक अंधारी खोली, वर माडी. सोप्यात अगदी दारासमोर वेताची खुर्ची टाकून गणपतराव दिवसभर बसायचे. पासष्टीचे होते, पण ताठ, दात शाबूत, आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा. त्या खुर्चीतून हाक यायची, "सावित्री!" की मी आणि माई दोघी एकदम उठायचो, कारण माईंचंही तांदळातलं नाव तेच होतं. चहा पाहिजे की पंचा, आणि थोरली सावित्री पाहिजे की धाकटी, हे समोर जाऊन उभं राहिल्यावर कळायचं. सुरुवातीला मला हसू यायचं. माई मात्र हसायच्या नाहीत, नुसत्या परत फिरायच्या.

नावाचा इतिहास मला गणपतरावांनीच ऐकवला, वटपौर्णिमेला, मोठ्या कौतुकानं. प्लेगच्या साली त्यांच्या आजोबांना काखेत गाठ आली. वैद्यानं हात टेकले. आजीनं तीन दिवस पाण्याचा थेंब न घेता वडाखाली बसून काढले. चौथ्या दिवशी आजोबांचा ताप उतरला आणि आजी गेली. "तिचं नाव सावित्री. तवापास्नं ह्या घरच्या थोरल्या सुनंचं नाव त्येच ठेवायचं. आजा ब्याऐंशी वर्सं जगला, बा अठ्ठ्याहत्तर. ह्या घरचा गडी अकाली जात न्हाय. त्ये नाव दारात राखण बसल्यालं हाय."

मी कौतुकानं मान हलवली. राखण कुणाची आणि किंमत कुणी द्यायची, हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही.

तो सुचला भाद्रपदात. पितृपक्षातल्या नवमीला, नवरा असताना मेलेल्या बायकांच्या नावानं सवाष्णी जेवू घालतात. मी माजघरात पाट मांडत होते. दोन मांडले आणि थांबले. "आणिक दोन," माई म्हणाल्या.

"चार? चौघी कोण?"

माई पानं पुसत होत्या. मान वर न करता सांगत गेल्या. पहिली प्लेगवाली. दुसरी गणपतरावांची आई, त्यांच्या पाठच्या बाळंतपणात गेली. तिसरी गणपतरावांची पहिली बायको, अंबादासच्या वेळी. चौथी अंबादासांची पहिली, पोटातल्या पोरासकट. चौघी सावित्री.

"मग तुम्ही कशा..." मी विचारलं आणि जीभ चावली.

"कशी ऱ्हायलो, व्हय? माजी कूस उजवलीच न्हाय. बाळातपन झालं असतं तर पाचवं पान माजं असतं." इतर बायकांसारख्या माईही 'मी आलो, मी ऱ्हायलो' असंच बोलायच्या. हे त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज सांगितलं. तेवढ्यात वरणाच्या फोडणीचा वास आला आणि मी तोंड दाबून मोरीकडे पळाले. दोन महिने माझी पाळी चुकली होती. परत आले तेव्हा माईंच्या हातातलं पान तसंच होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. इतकं घाबरलेलं तोंड मी त्याआधी कुणाचं पाहिलं नव्हतं.

सवाष्णी जेवून उठल्या. मी जमीन सारवायला बसले आणि माझ्या नकळत मोजलं, पुढच्या वर्षी इथं पाचव्या पाटाला जागा होईल का. होत होती. भिंतीकडून जरा सरकवलं की आरामात होत होती.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलं नाही. टाकातली बाई रोज बघायची मी. तिला तोंड होतं, अजून नवीन होती. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. वेणी घालताना, भाकरी थापताना तो पत्रा छातीवर आपटायचा आणि मला वाटायचं ही मोजते आहे. कुणाला सांगणार? अंबादासना सांगितलं तर ते "नको असलं मनात आणू" म्हणायचे आणि माडीवर जायचे. त्या माणसाच्या माडीवर जाण्याची मला पुढे फार चीड आली.

सातव्या महिन्यात दादा मला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज गणपतरावांनाही ठाऊक होता. मी लुगडी बांधून ठेवली होती.

"न्हाय पाठवायची," गणपतराव म्हणाले. "सावित्री घर सोडत न्हाय. वडाला, पाण्याला जावं, पर रात ह्याच छपराखाली काडावी."

दादांनी हात जोडले. तेव्हा गणपतरावांनी सांगितलं ते मला नवीन होतं. त्यांना एक थोरला भाऊ होता. त्याची बायकोही सावित्रीच. पोटात दुखायला लागल्यावर ती अडली म्हणून भावानं तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली. बरोबर बाराव्या दिवशी भाऊ पटकीनं गेला. "मी चौदा वर्सांचा हुतो. त्येचं पाय मी धरलं हुतं. ती भाईर पडली आन राखण मोडली." त्यांनी माडीकडे बोट केलं. "मला एकच ल्योक हाय, गुरुजी."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. तोही भ्यालेला होता, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. त्या वहिनीला पुढं माहेरी हाकलून दिलं. ती विधवा, त्यामुळे नवमीला तिचं पान नाही, घरात तिचं नाव नाही. पण एक गोष्ट मी तिथं उभ्याउभ्या मनात पक्की केली: जी बाहेर गेली ती जगली होती.

दादा परसात येऊन दगडावर बसले. मी पाणी दिलं. त्यांना बोलता येईना, आणि बोलता येईना की ते शिकवायला लागायचे, ही त्यांची सवय.

"या लोकांना नावाचा अर्थच माहीत नाही," ते म्हणाले. "सवितृ म्हणजे सूर्य. सावित्री ही त्याची देवी. मद्र देशाच्या राजाला मूल नव्हतं. अठरा वर्षं त्यानं तिच्या नावानं आहुती दिल्या. मुलगे मागत होता, मुलगी झाली. देवीनं दिली म्हणून देवीचंच नाव ठेवलं. लीला, हे नाव आधी मुलीचं आहे. नवसानं झालेल्या लेकीचं. बायको ती फार पुढे झाली. आणि काय म्हणतात, सावित्री घर सोडत नाही? ज्या दिवशी नवरा मरणार होता त्या दिवशी ती घरात बसली असती तर तो मेलाच असता. सासूसासऱ्यांना विचारून त्याच्यामागे रानात गेली ती. चालत."

माई विहिरीवरून घागर घेऊन आल्या होत्या. तशाच उभ्या राहिल्या. "रानात गेलती?"

"गेली होती."

"एकतीस वर्सं वडाखाली कथा ऐकतोय मी," माई म्हणाल्या. "भटजी तेवढं लई भराभरा वाचत्यात."

दादा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं नाव मी ठेवलं होतं. तेवढं तरी राखायला हवं होतं मी." मला त्यांचाही राग आला. आत्ता सुचलं तर काय उपयोग, असं मनात आलं. मग एस्टी स्टँडकडे जाणारी त्यांची वाकलेली पाठ बघून रडले.

आठवा संपत आला तेव्हा चिमणाबाई आली. पेठेतली जुनी सुईण, निम्मी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली. तिनं माझं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, मला काही न बोलता माईंना स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी भिंतीला धरून दाराशी गेले.

"प्वार आडवं हाय," चिमणाबाई सांगत होती. "मागलीचं बी आसंच. मी मालकास्नी हात जोडलं, टांगा आना म्हनून. त्यांनी दारात खुर्ची आडवी टाकली आन बसलं. सकाळपास्नं दिवा लागंस्तवर. माज्या हातावर ग्येली ती, माई. मला तिनं इचारलं, मावशी, टांगा आला का. आता मला बोलवू नगासा. मी येनार न्हाय."

 चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

आतापर्यंत मी टाकातल्या बाईला भीत होते. त्या दिवशी कळलं की ती बिचारी कुणाच्याच वाटेत आली नव्हती. तिला टांगा पाहिजे होता. भ्यायचं होतं ते सोप्यातल्या खुर्चीला. आणि ती खुर्ची तिथंच होती, रोज, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. मी दारापाशी केर काढायला गेले की गणपतराव पाय आखडून घ्यायचे, आणि माझ्या पोटाकडे बघायचे.

"तेव्हा तुम्ही कुठं होतात?" मी अंबादासना विचारलं.

"माडीवर."

"तुम्हाला कशाची भीती वाटत होती? तिच्या मरणाची, की तुमच्या?"

 वाटलं, ते उठून जातील. पण गेले नाहीत. "दोन्हीची," म्हणाले. "आणि कानात बोटं घातली होती मी."

चैत्रातला रविवार होता तो. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा कळ आली. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की सुरू होईल असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. दहाच्या सुमाराला कपडे भिजले आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही. माईंनी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. खाटेवर आडवी झाले आणि वर बघितलं. आढ्याला एक दोर बांधलेला होता, कळा देताना धरायला. मळून काळा झालेला. त्याला कुणाकुणाचे हात लागले असतील ते मला मोजावं लागलं नाही.

"माई," मी म्हटलं, "मला मरायचं नाही हो."

माईंनी माझ्या पोटावर हात ठेवला.  तेवढ्यात सोप्यातून आवाज आला, फरशीवर लाकूड फरफटत नेल्याचा. खुर्ची दारात चालली होती.

माई उठल्या. मला वाटलं दार लावायला गेल्या. पण त्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं. "चल," म्हणाल्या. "पाय उचल." त्या खोलीपासून सोप्यापर्यंत बारा पावलं असतील. दोनदा मी खाली बसले, दोनदा त्यांनी मला उचललं. सोप्यात आलो तर दारात खुर्ची, खुर्चीत गणपतराव, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर अंबादास, ना वर ना खाली.

"उठा," माई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्या नवऱ्याशी इतक्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"खुळी झालीस? पोरगा जाईल माजा!"

"सावित्री भाईर पडली की तिचा घरधनी जातो. व्हय न्हवं?"

"व्हय. मी बगितलंय."

"बरं. मग इचारतो, सावित्री कोन? ह्या पोरीचं नाव तिच्या बानं लीला ठेवलंय. तांदळात ल्हिवल्यालं नाव तांदळात ग्येलं. त्या तांदळाचा भात करून आपुनच खाल्ला." माईंनी गळ्यातला दोरा तोडला आणि तो गुळगुळीत टाक गणपतरावांच्या मांडीवर ठेवला. "ही धरा. एकतीस वर्सं मी सांबाळली, आता तुमी सांबाळा. ह्या घरात सावित्री एकच हाय, आन ती मी. मी चाललो भाईर. जायाचा तर माजा घरधनी जाईल. अंबादास न्हाय."

गणपतरावांचं तोंड मी विसरणार नाही. राग आला, तो मध्येच कुठं अडला, आणि मागून जे आलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. वर्षभर मी आरशात तेच बघत होते.

ते उठले. वाट द्यायला उठले की माईंना धरायला, हे मला आजही कळलेलं नाही. पण खुर्ची रिकामी झाली आणि माईंनी ती पायानं बाजूला लोटली. "अंबादास, रिक्षा!" त्या ओरडल्या. अंबादास पायरीवर तसेच. मग एकदम उठले आणि अनवाणी पळाले. पळताना ते रडत होते. एवढ्या संसारात मी नवऱ्याला खरं पहिल्यांदा पाहिलं असं म्हणायचं असेल तर ते त्या क्षणी.

माईंनी आधी स्वतः उंबरा ओलांडला. मग मागे वळून माझा हात धरला.

दवाखान्यात टेबलावरच्या माणसानं नाव विचारलं. अंबादास सवयीनं बोलून गेले, "सावित्री अंबा..."

"लीला!" माई ओरडल्या. "ल्हिवा, लीला. सावित्री मी हाय, आन मला कायबी झाल्यालं न्हाय."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पांढरे दिवे, थंड टेबल, कुणीतरी म्हणालं उशीर केलात. नाकावर गुंगीच्या औषधाची जाळी आली तेव्हा मला माजघरातली जमीन दिसली, भिंतीजवळची ती रिकामी जागा. मी मोठ्यानं म्हणत होते म्हणे, पाट मांडू नका, पाट मांडू नका.

शुद्ध आली तेव्हा पोटावर टाके होते आणि शेजारी मुलगी. माई खोलीबाहेर जमिनीवर बसलेल्या. दोन दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. मला वाटलं माझ्यासाठी. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "घरला जायाचं भ्या वाटतंय गं. बोलून तर आलो."

अंबादास घरी जाऊन यायचे. गणपतराव जिवंत होते. जेवत नव्हते. खुर्चीत बसून असायचे, टाक मुठीत, आणि कुणी आलं की विचारायचे आज कितवा दिवस. भाऊ बाराव्या दिवशी गेला होता. बारावा दिवस मोजत बसले होते ते. त्या घरात इतक्या बायका दिवस मोजत बसल्या होत्या. पुरुष पहिल्यांदाच बसला होता. मला त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू. पण माई रात्री झोपेनाशा झाल्या, तेव्हा मीही मनातल्या मनात मोजायला लागले.

अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. बाराव्या दिवशी बारसं. पहाटे माई उठून सोप्यात गेल्या आणि झोपलेल्या नवऱ्याच्या नाकाशी हात धरून उभ्या राहिल्या, मी पाहिलं. मग येऊन म्हणाल्या, "हाय."

दुपारी बायका जमल्या. दादा आले. चिमणाबाई आली, दाराशीच बसली आणि तिनं पोरीला मांडीवर घेतलं. मुलीला पाळण्यात घातलं आणि नाव विचारलं. मी म्हटलं, "सावित्री."

घुगऱ्या वाटणारा हात थांबला. "लीले!" दादा म्हणाले. चिमणाबाईनं कपाळावर हात मारला.

"हे नाव लेकीचं आहे," मी म्हटलं. "दादा, तुम्हीच सांगितलंत. आणि घरच्या लेकीचं नाव त्या घरात सुनेला ठेवत नाहीत. ही आहे तोवर या घरात दुसरी सावित्री येणार नाही. लग्न होऊन जाईल तेव्हा नाव घेऊन जाईल. स्वतःच्या पायानं बाहेर."

"पर जित्या आजीचं नाव कुनी ठेवतंय व्हय?" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या माईंकडे बघायला लागल्या.

माई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. "त्ये माजं नाव न्हवं," म्हणाल्या. "लई दिस वापारलं तेवढंच. आता हिचं. मला माजं हाय की." मग त्या थांबल्या.  इतक्या वर्षांत ते नाव त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "यल्लव्वा," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात, "यल्लव्वा!"

बायका गेल्या. दादा एस्टीला गेले, अंबादास त्यांना पोचवायला. पाळणा माजघरात, सोप्याच्या दाराजवळ होता. मी आणि माई भिंतीला टेकून बसलो होतो. ऊन सोप्यातून निघून अंगणात गेलं होतं.

"सावित्री!" खुर्चीतून हाक आली.

माझे पाय सवयीनं आखडले. माईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं. त्यांचा हात गार होता.

"सावित्री!" आवाज बारीक झाला होता, म्हाताऱ्याचा वाटत होता. त्यांना पाणी पाहिजे होतं की नुसतं कुणीतरी समोर यायला पाहिजे होतं, कोण जाणे. आम्ही दोघी बसून राहिलो. तसं बसून राहणं मला तो उंबरा ओलांडण्यापेक्षा अवघड गेलं.

त्या हाकेला पाळण्यातली जागी झाली. आधी कण्हली, मग टाहो फोडून रडायला लागली. आम्ही उठलो नाही.

खूप वेळानं खुर्ची कुरकुरली. अनवाणी पावलं दारापाशी आली. गणपतराव पाळण्याशी उभे राहिले आणि आमच्याकडे बघू लागले.  त्यांनी मुठीतला टाक कोनाड्यात ठेवला आणि पाळण्याची दोरी हातात घेतली. तो बारावा दिवस होता, आणि म्हातारा जिवंत होता, पाळणा हलवत होता.